डांबरावरून खाली उतरणारा ट्रक
हिंगणघाटच्या गाडीमालकांसाठी व गॅरेजवाल्यांसाठी चार कामाच्या गोष्टी

जामच्या चौकातून हैदराबादच्या अंगाने निघालेला ट्रक हिंगणघाट, वडनेर मागे टाकीत सरळ निघून जातो. ड्रायव्हरला कसली चिंता नसते. चिंता सुरू होते ती गाडी डांबरावरून खाली उतरताना. जिनिंगचे आवार, गिट्टीची खाण, कालव्याचे काम, विजेच्या मनोऱ्याची जागा, बोअर मारायचे शेत, यांपैकी कोठेही जायचे म्हटले की शेवटचे अर्धे किलोमीटर कच्चे असते, आणि आपल्या भागातले कच्चे म्हणजे काळ्या मातीचे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले दोन पाऊस झाले की तीच माती फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. मग पऱ्हाट्या आणा, पोती टाका, ट्रॅक्टर बोलवा असा आरडाओरडा सुरू होतो. ज्या कपाशीने हिंगणघाटचे नाव विलायतेच्या बाजारापर्यंत नेले, ती कपाशी याच मातीची. तेव्हा मातीला दोष देऊन उपयोग नाही, गाडीचाच विचार केला पाहिजे.

हा विचार घेऊन मालक येतो तो आपल्याच माणसांकडे. गॅरेज, वेल्डिंग, पाटे, लेथ, टायर, वायरिंग, रंगकाम या धंद्यांवर आपल्या समाजातील किती घरे चालतात हे वाचकांना सांगायला नको. मालकाची मागणी बहुधा एकच असते: उस्ताद, गाडी उंच करा, मोठे टायर चढवा, चेसिसला पट्ट्या मारून मजबूत करा. उस्ताद नाही म्हणत नाहीत, कारण काम सोडवत नाही. पण ही तिन्ही कामे जशी सांगितली तशी केली तर गाडीही बिघडते आणि कागदही बिघडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. कच्च्यावर चालणारा ट्रक ताठ असून चालत नाही, त्याला पिळू द्यावे लागते. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला या कामातले निम्मे कळले.

जुना सात नंबर

आपल्या दारावरून जाणारा महामार्ग २०१० साली क्रमांक बदलल्यापासून चव्वेचाळीस झाला, पण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तो सात नंबरच आहे. जुना सात नंबर वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हिंगणघाट, हैदराबाद, बंगळूर, सेलम, नामक्कल असा कन्याकुमारीला जात असे. गंमत अशी की कच्च्यावर जाणाऱ्या ट्रकची आपल्या देशातली दोन मोठी ठिकाणे याच एका रस्त्यावर आहेत, आणि हिंगणघाट त्यांच्या दरम्यान आहे.

पहिले ठिकाण जबलपूर. दुसरे महायुद्ध संपल्यावर फौजांच्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि लाकूड-बांबूच्या ठेकेदारांनी त्या जंगलात घातल्या. चारही चाकांना ओढ असलेली गाडी आपल्याकडे सामान्य माणसाने पाहिली ती अशी. पुढे १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागला, आणि नंतर त्याच शहरातल्या व्हेईकल फॅक्टरीत. १९९०च्या दशकात शक्तिमान बंद पडला. त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने व टाटाच्या चारचाकी ओढीच्या गाड्यांनी घेतली. लिलावात निघालेले शक्तिमान अनेक वर्षे डोंगराळ भागात लाकूड ओढीत राहिले. टाटा-मर्सिडीजचा १९५४ चा करार आपल्या लोकांना पाठ आहे, कारण त्या गाडीने पक्क्या रस्त्यावरचा धंदा उभा केला. शक्तिमानची आठवण मात्र जंगलवाल्यांनाच.

दुसरे ठिकाण नामक्कल. ट्रकच्या बॉडीसाठी ते देशभर नावाजलेले आहे आणि शेजारचे तिरुचेंगोड बोअरच्या गाड्यांसाठी. आपल्या शेतात तमिळनाडूच्या नंबरची रिग येते, सोबत रॉड, केसिंग पाइप व डिझेल घेऊन दुसरी गाडी येते, हे दृश्य कोणाला नवीन नाही. मोठा व्यापारी ट्रक कच्च्यासाठी बदलून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण आपल्याला घरबसल्या मिळणार नाही. ती गाडी आली की मिस्त्री लोकांनी खाली वाकून जरूर पाहावे. रिग चेसिसवर कशी बसविली आहे, ओझे कोठे ठेवले आहे, जॅक कोठे लावले आहेत. आणि आणखी एक पाहावे की ती कधी येते. ती उन्हाळ्यात, जमीन टणक असताना येते. जुलैत ओल्या वावरात कोणताही शहाणा रिगवाला गाडी घालत नाही. एवढे मोठे कारखानदार ज्या मातीपुढे थांबतात तेथे आपण चार पट्ट्या मारून जाऊ, हा भ्रम आहे.

चेसिसची कंबर

ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखे. गाडीचे पुढचे उजवे चाक बांधावर चढले आणि मागचे उजवे चाक चाकोरीत उतरले की ही शिडी पिळली जाते. कंपनीने तिला पिळण्यासाठीच बनविले आहे. पाटे थोडे वळतात, उरलेला पीळ चेसिस घेते, आणि म्हणून चारही चाके जमिनीला टेकून राहतात. ज्या मालकाला पीळ म्हणजे कमजोरी वाटते तो तिला ताठ करून घेतो. मग एक चाक हवेत राहते. हवेतल्या चाकाला ओढ नसते. शिवाय पीळ कोठे तरी निघणारच. तो निघतो जेथे मऊ भाग संपून ताठ भाग सुरू होतो तेथे, म्हणजे बहुधा केबिनच्या मागे.

आम्ही स्वतः एक पाण्याची गाडी पाहिली होती. रस्त्याच्या ठेकेदाराची होती. टाकी चारही कोपऱ्यांवर थेट चेसिसला वेल्डिंग करून बसविली होती आणि काम पाहायला अतिशय सुबक होते, वेल्डरच्या हाताला दाद द्यावी असे. पहिल्याच हंगामात केबिनच्या मागे दोन्ही चॅनलना तडे गेले. त्यावर पट्टी मारली, तर पट्टी जेथे संपते तेथे नवा तडा. मालकाने वेल्डरला बोल लावला, वेल्डरने लोखंडाला. दोघांचेही चुकले होते, कारण टाकी ताठ आणि चेसिस पिळणारी, त्यांचे लग्न असे लावायचेच नसते.

जुने बॉडीवाले सुतार हे न शिकता जाणत होते. चेसिसवर लांब लाकडी पट्टी, तिच्यावर आडवे बीम, त्यावर हौदा, आणि सगळे यू-बोल्टने आवळलेले. लाकूड थोडे दबते, बोल्ट थोडा सरकू देतो, पीळ पचतो. आता लोखंडी सब-फ्रेम आली तरी नियम तोच. सब-फ्रेमचे पुढचे टोक एकदम चौकोनी न कापता निमुळते करावे, म्हणजे ताठपणा हळूहळू वाढतो. पुढचे बोल्ट स्प्रिंग घालून बसवावेत, मागचे घट्ट. टाकी किंवा बंद पेटीसारखी न पिळणारी वस्तू असेल तर ती तीन ठिकाणी टेकवावी: मागे दोन, पुढे मध्यभागी एक, तोही फिरता. तीन पायांची तिपाई जशी खाचखळग्यात डुगडुगत नाही, तसे हे आहे. यू-बोल्ट आवळताना चॅनलच्या पोटात ठोकळा ठेवावा, नाहीतर चॅनलचे ओठ दबतात.

चॅनलचे हे वरचे व खालचे ओठ म्हणजे गाडीचा जीव. सगळा ताण तेथे येतो. तेथे भोक पाडू नये, तेथे वेल्डिंग करू नये, जे काय जोडायचे ते उभ्या पत्र्यात, असलेल्या भोकांतून, चांगल्या प्रतीच्या बोल्टने जोडावे. हे चॅनल साध्या लोखंडाचे नसून जास्त ताणाच्या पोलादाचे असतात, वेल्डिंगच्या धगीने त्यांचा गुण जातो. ट्रक कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी सूचनांच्या पुस्तिका काढतात, त्यात हे चित्रांसह दिलेले असते. डीलरकडे मागावी. आपले कारागीर ती मागत नाहीत ही आमची तक्रार आहे.

आणि एक नवी गोष्ट. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत जागोजागी इलेक्ट्रॉनिक पेट्या आहेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढली नाही आणि अर्थिंग लांब कोठे तरी लावले तर एका टाक्यात हजारोंची पेटी जळते. अर्थिंग टाक्याच्या जवळच लावावे. सायलेन्सरची वाट बदलणे, युरियाची टाकी हलविणे हे उद्योग या गाड्यांत करूच नयेत. टाकी खाली लोंबते म्हणून दगडाची भीती असेल तर तिला बाहेरून जाळी करून द्यावी.

जगात याला दुसरेही उत्तर आहे. चेक देशाची टाट्रा कंपनी शिडीऐवजी मधोमध एक जाड नळी घालते. नळी पिळत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे ॲक्सल स्वतंत्रपणे वरखाली होतात. कारेल लोप्राइस या ड्रायव्हरने टाट्रा घेऊन डकार रॅलीच्या ट्रक गटात सहा वेळा पहिला क्रमांक मिळविला, आणि आपल्याकडे बीईएमएलने १९८६ पासून लष्करासाठी टाट्राच्या गाड्या बनविल्या. सांगायचे एवढेच की वाळवंटातून पळणाऱ्या त्या गाड्यांतसुद्धा सगळा खटाटोप चाक जमिनीवर टेकून राहावे यासाठी आहे. फ्रेमने पिळावे किंवा ॲक्सलने हलावे, दोन्ही बंद केले तर गाडी लंगडी होते.

टायरचा हिशेब

दहा टन भार असलेल्या मागच्या ॲक्सलला चार टायर असतात. प्रत्येकावर अडीच टन. टायरमध्ये १०० पौंड हवा आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो. टायर जमिनीवर साधारण आपल्या हवेएवढाच दाब देतो, म्हणून त्याचा जमिनीवरचा ठसा साडेतीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, शाळकरी वहीच्या पानाहून लहान. हवा निम्मी केली की ठसा जवळपास दुप्पट होतो आणि दाब निम्मा. एक पैसा खर्च न करता गाडी कच्च्यावर सुधारण्याचा हा एकच उपाय आहे, आणि तोच आपल्याकडे कोणी करीत नाही. पण मऊ ओल्या चिकणमातीला चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपासच भार पेलवतो असे बांधकामवाले धरतात. साडेतीन किलो तरी कोठे पेलवणार? म्हणजे वाळूत, मुरमात, वरवर ओल्या वाटेवर हवा कमी करण्याचा फायदा आहे. भिजलेल्या काळ्या वावरात भरल्या ट्रकला तोही नाही. तेथे मुरूम टाकून वाट करणे किंवा वाफसा होईपर्यंत थांबणे हेच खरे.

हवा कमी केली तर गाडी बैलगाडीच्या चालीने चालवावी आणि डांबरावर येण्यापूर्वी हवा परत भरावी. एअर ब्रेकच्या टाकीतून नळी काढून भरता येते. फक्त ब्रेकचा दाब उतरणार नाही याकडे डोळा ठेवावा. येथे टायरवाल्या बंधूंना हात जोडून सांगणे आहे. जुन्या रिमला सुटी रिंग असते. कमी हवेवर चाललेल्या टायरची रिंग जागेवरून हललेली असू शकते, आणि हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. अशा चाकात आधी सगळी हवा काढावी, रिंग ठोकून पाहावी, मग लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी. समोर बसून भरू नये. पिंजरा कोणताही वेल्डर एका दिवसात करून देईल. दुकानात लहान शागीर्द असेल तर त्याला या कामाला लावूच नये.

आता मोठे टायर. दहाच्या जागी चौदा नंबरचा, क्रेनला व लष्करी गाड्यांना लागतो तो टायर मालकाच्या डोळ्यात भरतो. त्याची उंची सुमारे सव्वा मीटर. नेहमीच्या दहा-वीसची एक मीटर पाच सेंटिमीटर. यामुळे ॲक्सल जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर जातो, एवढा फायदा खरा. शिवाय मागे जोडटायरच्या जागी एकेरी टायर आले की मागचे चाक पुढच्याच चाकोरीतून जाते, नवी माती फोडावी लागत नाही, आणि दोन टायरांत दगड अडकण्याची कटकट मिटते. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. चाक सुमारे एकपंचमांशाने मोठे झाले, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा वर गेला. चाकाची ओढ सहाव्या हिश्शाने कमी झाली, ब्रेकची पकडही तेवढीच कमी. काटा पन्नास दाखवील तेव्हा गाडी साठने धावत असेल. दहाच्या टायरची साडेसात इंची रिम चौदाला चालत नाही, तिला दहा इंची लागते. स्टेअरिंग वळविताना टायर पाट्याला घासतो. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत राहिली पाहिजे. आणि चार टायरांच्या ॲक्सलला कायद्याने जेवढा भार मंजूर असतो त्याहून दोन टायरांच्या ॲक्सलला बराच कमी मंजूर असतो. म्हणजे टायर मोठा, आणि भाडे कमी! एवढे सगळे ऐकल्यावरही ज्याला चौदाच हवा, त्याने क्राउन-पिनियन बदलण्याचाही खर्च धरावा.

ओढ किती चाकांना

साध्या ट्रकमध्ये एक चाक चिखलात फिरू लागले की दुसरे कोरड्यावर असूनही गप्प बसते, कारण डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखीच ओढ देते; एका बाजूला शून्य तर दुसऱ्या बाजूलाही जवळपास शून्य. डिफ-लॉक दोन्ही चाके एकत्र बांधतो. म्हणून आमचा सल्ला असा की कच्च्याचे काम कायमचे असेल तर साधी गाडी घेऊन तिला पुढचा ओढीचा ॲक्सल लावण्याच्या फंदात पडू नये. पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस, जादा प्रोपेलर शाफ्ट, बदललेले इंजिन-माउंटिंग हे सगळे जुळविण्यात गाडीची किंमत निघून जाते. दहाचाकी टिप्पर, मागचे दोन्ही ॲक्सल ओढीचे आणि डिफ-लॉकसह, कंपनीकडूनच मिळतो. वणीपासून चंद्रपूरपर्यंतच्या कोळसापट्ट्यात असेच टिप्पर चालतात. डिफ-लॉक कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावून वळण घेऊ नये, ॲक्सल शाफ्ट तुटतात. हे ड्रायव्हरला सांगणे मालकाचे काम आहे.

पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उंच करण्याबद्दल थोडेच सांगतो. पुढच्या ॲक्सलला ठोकळे कधीच घालू नयेत. मागे घातले तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, आणि उंच झालेली गाडी बांध ओलांडताना कलंडायला तयार असते. टिप्परने तिरप्या जमिनीवर हौदा उचलू नये. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारांखाली तर मुळीच नाही. दरवर्षी कोठे ना कोठे याने माणूस जातो.

उलट काही कामे स्वस्त आहेत आणि ती कोणी सांगत नाही. ॲक्सलच्या हौसिंगवर एक लहानशी श्वासनळी असते. तापलेला ॲक्सल वणेच्या किंवा नाल्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधासारखे पांढरे होते, बेअरिंग जातात, आणि दोष तेलवाल्याला दिला जातो. त्या तोंडाला रबरी नळी जोडून चेसिसच्या वर नेली की काम झाले. ओढून काढण्याचे हुक पुढे दोन, मागे दोन, चेसिसच्या उभ्या पत्र्याला बोल्टने बसवावेत. बंपरला दोर बांधून ओढले की बंपर हातात येतो. तारेचा दोर ताणला जात असताना कोणी जवळ उभे राहू नये. मागचा अंडर-रन बंपर व बाजूचे गार्ड नियमाने लागतात, ते कापून फेकू नयेत, बिजागरी लावून वर उचलता येतील असे मान्यताप्राप्त प्रकारचे घ्यावेत.

कागद

येथपर्यंत हाताचे काम झाले. आता ज्याच्यामुळे आपली माणसे अडचणीत येतात ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की आर.सी. बुकात लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. आरटीओच्या मंजुरीने केलेला बदल चौदा दिवसांत कळवावा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे अधिक स्पष्ट केले: कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हे शब्द नीट वाचावेत. टायर, ठोकळे, बंपर असे तीन बदल म्हणजे तीन वेळा.

दंड एक वेळ परवडेल. पण अपघात झाला आणि गाडी आर.सी.शी जुळत नाही असे सर्व्हेअरने लिहिले तर विमा अडतो. गाडीवर फायनान्स असतो, हप्ता थांबत नाही, आणि घरचा एकुलता एक धंदा आवारात गंजत उभा राहतो.

मग रस्ता कोणता? बदल नोंदणीच्या आधी करावा. कंपनीकडून फक्त केबिन व चेसिस घ्यावी, तीही कामाला योग्य ॲक्सलची व टायरची, आणि त्यावर मान्यताप्राप्त बॉडीवाल्याकडून बॉडी बांधून मग नोंदणी करावी. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ ही नियमावली आहे. तपासणी करणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत: पुण्यातील एआरएआय व सीआयआरटी, आणि अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई. एकट्या कारागिराला तेथपर्यंत जाणे जड आहे हे आम्ही जाणतो. पण दोन-चार बॉडीवाले मिळून एक नमुना मंजूर करून घेऊ शकतात; नामक्कलच्या मोठ्या बॉडीवाल्यांशी टक्कर द्यायची तर दुसरा इलाज दिसत नाही.

लष्करी लिलावाची गाडी घेऊ पाहणाऱ्यांनीही जपावे. लिलाव आता एमएसटीसीच्या ऑनलाइन पद्धतीने होतात. सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू ठेवता येत नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. लष्कराच्या खास गाड्यांना त्यातून सूट असली तरी ती सूट लष्कराला आहे, तुम्हाला नव्हे. गाडी भंगार म्हणून विकली आहे की चालविण्यासाठी, हे लिलावाच्या कागदात वाचल्याशिवाय बोली लावू नये. भंगाराची गाडी रस्त्यावर आणता येत नाही. खाणीच्या किंवा कारखान्याच्या कुंपणाच्या आतच वापरायच्या खास गाड्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत, हे खरे. पण एक खाण सोडून दुसरीकडे जाताना मधला दोन किलोमीटर रस्ता सार्वजनिक असतो हे मालक विसरतात, आणि पकडले जातात तेथेच.

मिस्त्रींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. काम घेताना साध्या वहीत लिहून मालकाची सही घ्यावी: गाडीचा नंबर, आर.सी.तील टायर व भार, काय बदलणार, काय बदलण्यास नकार दिला. नकार लिहून ठेवलेला असेल तर उद्या चौकशीत तो कागद कामी येतो. काढलेले मूळ भाग मालकाला परत द्यावेत. दुकानाची उद्यम नोंदणी करून घ्यावी, तिला फी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहार व सुतार आहेत, मोटार मिस्त्री नाही. म्हणून बॉडी बांधणाऱ्या सुतार-लोहारांनी अर्ज जरूर करावा, गॅरेजवाल्याने त्यात वेळ घालवू नये.

या कामाचा हंगाम पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर गाड्या तशाही उभ्या असतात, आणि दसरा-दिवाळीला कापूस बाजारात येऊ लागला की कोणताही मालक गाडी आठ दिवस गॅरेजात ठेवणार नाही. ज्याला सब-फ्रेम सैल करून घ्यायची आहे, श्वासनळ्या वर न्यायच्या आहेत, हुक बसवायचे आहेत, त्याने पोळ्याच्या आत गाडी आणावी. येताना आर.सी. बुक सोबत आणावे, आणि उस्तादांनी गाडीखाली जाण्यापूर्वी ते वाचावे.